जुनी ग्राफिक्स कार्डे आणि नवे मॉनिटर

जुने ग्राफिक्स कार्ड आजच्या मोठ्या रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर स्वच्छ चित्र दाखवू शकेल की नाही, हे चार गोष्टींवर ठरते : कार्डावरची मेमरी, पिक्सेल बाहेर पाठवण्याचा वेग, मॉनिटरला मानवणारे टायमिंग आणि दोघांमधली जोडणी. पहिल्या तिन्हींचा हिशोब कागदावर मांडता येतो, चौथीसाठी योग्य वस्तू निवडावी लागते. हा हिशोब मांडला की अनेक जुन्या कार्डांत त्यांच्या काळातल्या मॉनिटरांनी वापरली त्याहून अधिक क्षमता असल्याचे दिसते.

व्हीजीएपूर्वी आणि व्हीजीएनंतर

आयबीएमने १९८१मध्ये आपला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी दोन प्रकारची कार्डे होती. एमडीए केवळ एकरंगी मजकूर दाखवत असे, तर सीजीएवर जास्तीत जास्त ६४० × २०० पिक्सेलचे चित्र मिळे. १९८२मध्ये हर्क्युलस कार्डाने ७२० × ३४८ पिक्सेलची एकरंगी चित्रे आणली. १९८४च्या ईजीएने ६४० × ३५० पिक्सेलवर ६४ पैकी १६ रंग दिले. या सर्व कार्डांचे सॉकेट नऊ पिनांचे आणि संकेत डिजिटल, टीटीएल पातळीचा होता. आडव्या ओळी काढण्याचा वेग सीजीएमध्ये सुमारे १५.७, एमडीएमध्ये १८.४ आणि ईजीएच्या वरच्या मोडमध्ये २१.८ किलोहर्ट्झ असे.

१९८७मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आले. त्याचे सॉकेट १५ पिनांचे, संकेत अॅनालॉग आणि आडवा वेग सुमारे ३१.५ किलोहर्ट्झ होता. आजच्या मॉनिटरांची आडव्या वेगाची किमान मर्यादा साधारणपणे ३० किलोहर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळे व्हीजीए आणि त्यानंतरची कार्डे अॅनालॉग सॉकेट असलेल्या मॉनिटरला सरळ जोडता येतात, त्याआधीच्या कार्डांना मात्र रूपांतरक लागतोच. टीटीएलचा संकेत ५ व्होल्ट पातळीचा असतो आणि व्हीजीएच्या रंगवाहिन्या ०.७ व्होल्टच्या असतात. म्हणून नऊ पिनांची केबल जुगाड करून १५ पिनांच्या सॉकेटला जोडणे मॉनिटरसाठी धोक्याचे आहे. रास्पबेरी पाय झिरोवर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय हा रूपांतरक या तिन्ही जुन्या संकेतांचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करतो.

मेमरीचा हिशोब

पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलची नोंद कार्डाच्या मेमरीत असावी लागते. २५६ रंगांसाठी प्रत्येक पिक्सेलला एक बाइट, ६५,५३६ रंगांसाठी दोन बाइट आणि ३२ बिटांच्या रंगांसाठी चार बाइट लागतात. फुल एचडीत १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. दोन मेगाबाइट म्हणजे २०,९७,१५२ बाइट. म्हणजे दोन मेगाबाइटच्या कार्डात २५६ रंगांचे फुल एचडी चित्र जेमतेम, पण पूर्ण मावते. त्याच प्रमाणात चार मेगाबाइटमध्ये ६५,५३६ रंगांचे आणि आठ मेगाबाइटमध्ये ३२ बिटांचे चित्र बसते. १९२० × १२०० मात्र २३,०४,००० पिक्सेल मागते आणि या तिन्ही पायऱ्यांवर थोडक्यात हुकते.

मेमरी पुरेशी असली एवढ्यावर भागत नाही, ती पुरेशा वेगाने वाचताही यावी लागते. सेकंदाला ६० वेळा पूर्ण पडदा काढायचा तर २५६ रंगांत सेकंदाला सुमारे १२.४ कोटी बाइट वाचावे लागतात, ३२ बिटांत सुमारे ५० कोटी. साध्या डीरॅमच्या कार्डावर पडदा काढणे आणि प्रोसेसरकडून आलेली नवी माहिती लिहिणे ही दोन्ही कामे एकाच वाटेवरून होतात. म्हणून रिझोल्यूशन वाढवले की कार्ड मंदावते. १९९५च्या मॅट्रॉक्स मिलेनियममध्ये वापरलेल्या डब्ल्यूरॅमला दोन स्वतंत्र वाटा होत्या. मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्यांमध्ये त्या कार्डाचा लौकिक होता, त्याचे एक कारण हे आहे.

पिक्सेल क्लॉक आणि रॅमडॅक

मेमरीतले आकडे वाचून त्यांचा अॅनालॉग संकेत बनवणाऱ्या भागाला रॅमडॅक म्हणतात. तो सेकंदाला किती पिक्सेल काढू शकतो हे मेगाहर्ट्झमध्ये सांगतात. एस३ कंपनीच्या ट्रायो६४ चिपमधला रॅमडॅक १३५ मेगाहर्ट्झचा, मॅट्रॉक्स मिलेनियमचा २२० मेगाहर्ट्झपर्यंतचा, १९९९च्या मॅट्रॉक्स जी४००चा ३०० आणि जीफोर्स २५६चा ३५० मेगाहर्ट्झचा होता.

दिसणाऱ्या पिक्सेलांखेरीज प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी काही काळ कोरा सोडावा लागतो. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत परत सुरुवातीला नेण्यासाठी ही सवड होती. फुल एचडीच्या प्रचलित टायमिंगमध्ये ही कोरी जागा धरून २२०० × ११२५ पिक्सेलांचा काळ लागतो, त्यामुळे ६० हर्ट्झला १४८.५ मेगाहर्ट्झ हवेत. एलसीडीत परत न्यायला झोतच नसतो. म्हणून व्हेसा संस्थेने ठरवलेल्या कमी कोऱ्या जागेच्या टायमिंगमध्ये एकूण २०८० × ११११ पिक्सेल पुरतात आणि क्लॉक १३८.५ मेगाहर्ट्झवर येतो. ट्रायो६४ला तेही किंचित जास्त आहे. पण ५८ हर्ट्झवर गरज १३४ मेगाहर्ट्झची राहते आणि मॉनिटरने ५८ हर्ट्झ स्वीकारले तर हिशोबाने तेही कार्ड मर्यादेत बसते.

जुन्या पिक्चर ट्यूबवर १६०० × १२०० पिक्सेल ६० हर्ट्झला दाखवायला १६२ मेगाहर्ट्झ लागत. यावरून एक उपयोगी नियम निघतो : ज्या कार्डाच्या माहितीपत्रकात १६०० × १२०० हा मोड ६० हर्ट्झला आहे, त्याच्या रॅमडॅकला फुल एचडी जड नाही. २५६० × १४४० साठी मात्र कमी कोरी जागा धरूनही २४१.५ मेगाहर्ट्झ हवेत. तिथे १९९८–९९ नंतरच्या कार्डांचाच विचार करावा.

टायमिंग आणि ओळख

क्षमता असूनही विंडोजच्या यादीत १९२० × १०८० दिसत नाही, याचे कारण बहुधा ड्रायव्हर असतो. त्या काळचे ड्रायव्हर ४:३ आकाराचे ठरलेले मोडच देत. १९९४मध्ये व्हेसाने डीडीसी ही पद्धत आणली. तिच्यात मॉनिटर आपली माहिती १२८ बाइटांच्या ईडीआयडी नोंदीतून कार्डाला कळवतो. ही देवाणघेवाण व्हीजीए सॉकेटच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून होते. त्याआधीच्या कार्डांना ही भाषा येत नाही आणि पिना कमी असलेली केबल लावली तर ज्यांना येते त्यांनाही ती ऐकू येत नाही.

अशा वेळी टायमिंग हाताने भरावे लागते. लिनक्सवर एक्सफ्री८६च्या फाइलमध्ये मोडलाइन लिहिता येते, तर विंडोजवर अनेक कार्डांसाठी पॉवरस्ट्रिप हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. कमी कोऱ्या जागेच्या फुल एचडीसाठी आडवे आकडे १९२०, १९६८, २०००, २०८० आणि उभे आकडे १०८०, १०८३, १०८८, ११११ असे आहेत.

व्हीजीएच्या मूळ रचनेच्या दोन मर्यादा येथे आडव्या येतात. आडवी मापे आठ पिक्सेलांच्या पटीत मोजली जातात. १३६६ला आठने पूर्ण भाग जात नाही, म्हणून १३६६ × ७६८च्या पडद्यांवर जुनी कार्डे १३६० पिक्सेलच देतात. दुसरे म्हणजे, उभ्या ओळी मोजायला मूळ व्हीजीएत दहाच बिट होते, म्हणजे मर्यादा १०२४ ओळींची. पुढच्या चिपांमध्ये प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने जादा बिट जोडले. त्यामुळे एका कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्यावर चालत नाही.

जोडणी

ज्या मॉनिटरवर अॅनालॉग सॉकेट नाही, त्यासाठी व्हीजीएचे एचडीएमआय करणारा सक्रिय अॅडाप्टर घ्यावा लागतो. असे अॅडाप्टर एकाच दिशेने चालतात. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा दिसायला सारखा असला तरी इथे निरुपयोगी आहे. ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर, म्हणजे ओएसएससी, महाग असला तरी त्यात सॅम्पलिंग (एका ओळीतून किती पिक्सेल वाचायचे) आणि फेज (पिक्सेल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा) हाताने जुळवता येतात.

१९९९च्या डीव्हीआयमुळे संकेत कार्डापासूनच डिजिटल झाला. सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. कमी कोऱ्या जागेचे १९२० × १२०० हे १५४ मेगाहर्ट्झमध्ये बसते. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचे चित्राचे संकेत मुळात एकच असल्याने साधी केबलही चालते. ड्युअल लिंकवर २५६० × १६०० मिळते, पण ती सोय एचडीएमआयच्या साध्या केबलमधून पुढे जात नाही. ४के पडद्याला ३० हर्ट्झसाठीही २९७ मेगाहर्ट्झ लागतात. त्यामुळे अशा पडद्याला सिंगल लिंकवरून फुल एचडी द्यावे. ४केची मापे त्याच्या बरोबर दुप्पट असल्याने ते नेमके मोठे होऊ शकते.

एकाहून अधिक जोडण्या वापरून ही मर्यादा फार पूर्वीच ओलांडली गेली होती. २००१मध्ये आयबीएमने टी२२० हा ३८४० × २४०० पिक्सेलचा २२ इंची मॉनिटर आणला. त्याच्यासोबत येणारे मॅट्रॉक्स जी२०० एमएमएस कार्ड चार डीव्हीआय जोडण्यांवरून पडद्याचे वेगवेगळे भाग काढत असे.

डॉसचा पेच

विंडोज नीट चालले तरी डॉसमध्ये वेगळी अडचण येते. व्हीजीएचा ७२० × ४०० चा मजकूर मोड आणि खेळांचा ३२० × २०० चा मोड या दोन्हींमध्ये आडवा वेग ३१.५ किलोहर्ट्झ, उभा वेग ७० हर्ट्झ आणि सिंक संकेतांची दिशाही एकच असते. ३२० × २००ची प्रत्येक ओळ दोनदा काढली जाते, त्यामुळे ओळीही ४००च भरतात. मॉनिटरला दोन्हींतला फरक कळत नाही. तो ७२० धरून चालतो आणि खेळातले उभे स्तंभ कमीजास्त रुंदीचे दिसतात. यावर सॅम्पलिंग हाताने ठरवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

अनेक एलसीडी ६० हर्ट्झवरच चालतात आणि ७० हर्ट्झचे चित्र रूपांतरित करताना हालचालीत झटके येतात. डूम हा खेळ सेकंदाला ३५ चित्रे, म्हणजे ७०च्या बरोबर निम्मी काढतो. तो ७० हर्ट्झ स्वीकारणाऱ्या मॉनिटरवरच गुळगुळीत चालतो. आकारही जपावा लागतो, कारण ३२० × २०० चे चित्र ४:३ पडद्यासाठी काढलेले होते. आडवे पाचपट आणि उभे सहापट केले की नेमके १६०० × १२०० होते. म्हणून डॉससाठी १२०० किंवा अधिक ओळींचा मॉनिटर सर्वांत योग्य ठरतो.

जपणूक

या खटपटीचे मोल खेळांपुरते नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. मराठी संगणनाचा तो आरंभकाळ मूळ यंत्रावर, मूळ अक्षरवळणात पाहायचा असेल तर त्या काळची यंत्रे चालू राहिली पाहिजेत आणि पिक्चर ट्यूबचे मॉनिटर तर आता संपत आले आहेत. शाळा, मुद्रणालये, ग्रंथालये आणि कार्यालये यांच्या माळ्यावर असे संगणक असतील, तर मॉनिटर बिघडला म्हणून कार्ड भंगारात देऊ नये. आधी कार्डावरची चिप, मेमरी आणि सॉकेट यांची नोंद करावी, वरचा हिशोब मांडावा आणि मगच निर्णय घ्यावा.