जप्तीची नोटीस आली, आता ज्युरी कुठे?

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदाकाठचे मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका बसलेले महाराष्ट्रातले पहिले गाव. 'सरकारने जमीन घेतली' असे तिथले कुणी म्हणाले की ऐकणारे बरेचदा विचारतात, 'कर थकला होता का?' या प्रश्नातच एक मोठा गैरसमज आहे, आणि तो गावकऱ्यांवर अन्याय करणारा आहे.

मणिबेलीसारख्या गावांतली खातेदारांची जमीन गेली ती 1894 च्या भूसंपादन कायद्याने. संपादनात मालकाकडे कसलीही बाकी नसते. उलट सरकारच त्याचे देणे लागते. नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्याप्रमाणे, ज्या कुटुंबाची एक चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची होती, आणि सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब धरायचे होते. बुडिताविरुद्ध मणिबेलीत झालेला सत्याग्रह या देण्याच्या हिशोबासाठीही होता. जप्तीची गोष्ट वेगळी: तिथे खातेदार देणेकरी असतो आणि सरकार वसुलीला येते. दोन्हींचे कायदे वेगळे, दाद मागण्याच्या वाटाही वेगळ्या. 'मोबदला कमी मिळाला' ही तक्रार संपादनात चालते. जप्तीत विचारायचे ते एवढेच, की बाकी खरी आहे का आणि रीत पाळली का.

आता ज्युरी. परदेशी चित्रपट पाहून आणि मोबाइलवर फिरणारे संदेश वाचून अनेकांची समजूत होते, की घरदार जप्त करण्याआधी बारा जणांच्या ज्युरीसमोर खटला चालवणे सरकारवर बंधनकारक आहे. भारतात असा हक्क नाही, आणि महसुलाच्या बाबतीत तो कधीच नव्हता. 1876 च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने तर महसूल आकारणी आणि वसुलीचे बहुतेक वाद दिवाणी न्यायालयाच्याही कक्षेबाहेर काढले. ज्युरी होती ती फौजदारी खटल्यांत, तीही मोजक्या ठिकाणी. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी' आणि सार्वजनिक सभेतर्फे शेतकऱ्यांना सांगितले, की पीक बुडाले असेल तर दुष्काळ संहितेप्रमाणे सारा माफ किंवा तहकूब होऊ शकतो, भांडीकुंडी विकून तो भरू नका. त्या शेतकऱ्यांच्या साऱ्याचा निवाडा ज्युरीने केला नाही. ज्युरी बसली ती सप्टेंबर 1897 मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात. सहा युरोपीय ज्युरर 'दोषी' म्हणाले, तीन भारतीय 'निर्दोष'. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्युरी म्हणजे हमखास न्याय, असे मानणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा 1959 चा खुनाचा खटला ज्युरीच्या निर्णयामुळे गाजला, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. पारशी विवाहाच्या दाव्यांत प्रतिनिधी बसतात, एवढाच तिचा अवशेष आहे.

ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो तिथेही कर वसूल करण्यासाठी आधी ज्युरी बसवावी लागत नाही. खटल्यावाचून केलेली अशी वसुली घटनाबाह्य नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1856 मध्येच म्हटले आहे. सर्वसाधारणपणे कर आधी भरून, तो परत मिळावा म्हणून जिल्हा न्यायालयात दावा केला, तरच ज्युरी मागता येते.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि लोकांना माहीत नसते ते हेच. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तहसीलदाराला मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, जमिनीचा लिलाव, अगदी अटकेपर्यंतचे अधिकार दिले आहेत. त्यासाठी त्याला न्यायालयाचा हुकूमनामा लागत नाही. पण अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, शेतकऱ्याची औते, बैल, बियाणे यांना हात लावता येत नाही. जमिनीचा लिलाव जाहीरनाम्यानंतर किमान तीस दिवसांनीच होतो. बोली पक्की होण्याआधी बाकी आणि खर्च भरला तर लिलाव थांबतो. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचेही असेच: आधी बिल, मग मागणीचा हुकूम, त्यानंतर जंगम मालाची जप्ती.

'लिलाव झाला, आता सगळे संपले' ही समजूत तर सर्वांत घातक. लिलावाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरली तर विक्री रद्द करून घेता येते. रीत मोडल्याने नुकसान झाले असेल तर त्याच मुदतीत तशी हरकतही घेता येते. बाकी वळती करून जे पैसे उरतात ते मूळ मालकाचे. गिऱ्हाईकच न मिळाल्याने सरकारने नाममात्र बोलीवर घेतलेल्या 'आकारीपड' जमिनींची दारेही कायमची बंद झालेली नाहीत. त्या मूळ खातेदारांना किंवा वारसांना बाजारमूल्याच्या पाच टक्के रक्कम घेऊन परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतला.

आदिवासी खातेदाराला आणखी एक कवच आहे. त्याची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि बिगर-आदिवासीला विकायची तर राज्य सरकारची मान्यताही लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण ती विकता येत नाही. अशा जमिनीच्या लिलावाची धमकी कुणी दिली तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागावे.

संविधानाचे कलम 265 कायद्याच्या आधाराशिवाय कर घेऊ देत नाही, आणि कलम 300-अ कायद्याशिवाय मालमत्ता हिरावू देत नाही. इंग्रजी अमलात उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारितेला महसुलाच्या बाबतीत बंधन होते. कलम 225 ने ते काढून टाकले. रीत डावलून जप्ती झाली, तर मणिबेलीचा माणूस उच्च न्यायालयात रिट अर्ज करू शकतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबायचेही कारण नाही: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटिशीची प्रत घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जायचे, आणि लिलाव झालाच असेल तर त्या तारखेपासून तीस दिवस सरण्याच्या आत.