उसना गोलकीपर

फुटबॉलच्या संघात अकरा जागा असतात आणि त्यातली गोलकीपरची फक्त एक. मिडफिल्डरला एका जागेवर जमलं नाही तर दुसरीकडे ढकलता येतं. अगदीच नाही जमलं, तर सत्तराव्या मिनिटाला वीस मिनिटांपुरतं उतरवता येतं. राखीव गोलकीपरला ही सोय नाही. पहिला गोलकीपर जायबंदी होत नाही, त्याला लाल कार्ड मिळत नाही किंवा तो विकला जात नाही, तोवर दुसऱ्याने बाकावर बसायचं, आठवडाभर सराव करायचा आणि शनिवारी मॅचआधी पहिल्याला बॉल मारून त्याचे हात गरम करायचे. या माणसाच्या करिअरला कलाटणी मिळते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गुडघ्यामुळे.

प्रीमियर लीगमध्ये या बसण्याचेही भरपूर पैसे मिळतात. इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये मात्र फार नाही. वरचे २० क्लब प्रीमियर लीगचे आणि त्याखाली तीन पायऱ्यांत ७२, असे मिळून ९२. त्या ७२ मध्ये आणि त्यांच्याही खाली जे गोलकीपर पोट भरतात, त्यांचे करार एक-दोन वर्षांचे, क्वचित महिन्यांचेही. एका क्लबचा गोलकीपर पडला की दुसऱ्या क्लबकडून लोनवर माणूस मागवतात. ट्रान्सफरची मुदत संपल्यावर बाकीच्या खेळाडूंना दार बंद होतं, पण क्लबकडे अनुभवी गोलकीपरच उरला नसेल तर लीग आजही त्याला सात दिवसांचं तातडीचं लोन मंजूर करते. मैदानावरच्या दुसऱ्या कुठल्याही जागेसाठी अशी सवलत नाही. बाकीचं कुणी नसलं तर खेळ कसाबसा चालतो, गोलात मात्र खरा गोलकीपरच लागतो, हे लीगनेच लेखी मान्य केल्यासारखं आहे.

असाच एक उसना गोलकीपर म्हणजे जिमी ग्लास.

जन्म १९७३ चा, लंडनच्या दक्षिणेला एप्समचा. क्रिस्टल पॅलेसच्या पोरांमध्ये वाढला, पण पहिल्या संघाकडून लीगचा एकही सामना त्याला मिळाला नाही. १९९६ मध्ये तो बोर्नमथला गेला आणि तिथे मात्र दोन हंगाम नियमित खेळला. एप्रिल १९९८ मध्ये खालच्या लीगमधल्या क्लबांच्या चषकाचा अंतिम सामना होता, वेम्बलीवर, साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर, ग्रिम्स्बीविरुद्ध. खालच्या लीगमधल्या माणसाच्या आयुष्यात वेम्बली एकदा आली तरी खूप. त्या सामन्यात बोर्नमथ पुढे होतं आणि ग्रिम्स्बीची बरोबरी झाली ती ग्लासच्याच नावावर लागलेल्या स्वयंगोलने. पुढे गोल्डन गोलवर बोर्नमथ हरलं. स्ट्रायकर दहा संधी घालवतो आणि अकराव्या गोलावर हीरो होतो. गोलकीपरचं उलट आहे. त्याने थोपवलेले दहा बॉल संध्याकाळपर्यंत विसरले जातात आणि सुटलेला एक वर्षानुवर्षं दाखवला जातो.

त्याच उन्हाळ्यात तो स्विंडनला गेला. तिथे थोडे सामने खेळला आणि मग संघाबाहेर बसला. एप्रिल १९९९ मध्ये पार उत्तरेकडून, स्कॉटलंडच्या सीमेला खेटलेल्या कार्लाइलहून बोलावणं आलं.

कार्लाइल युनायटेडची तेव्हाची अवस्था बघण्यासारखी होती. १९७४ साली पहिल्या डिव्हिजनमध्ये पहिले तीन सामने जिंकून हा क्लब काही दिवस अख्ख्या इंग्लंडच्या तक्त्यात पहिला होता. पंचवीस वर्षांनी तो त्याच तक्त्यात, ९२ क्लबांत, तळाला होता. क्लबचा मालक मायकेल नायटन. १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेड विकत घेतोय म्हणून ओल्ड ट्रॅफर्डच्या गवतावर बॉल नाचवून दाखवणारा आणि शेवटी न घेणारा, तोच. हंगाम संपत आला असताना कार्लाइलने आपला नेहमीचा गोलकीपर टोनी केग ब्लॅकपूलला विकला. त्याच्या जागी डर्बीकडून लोनवर आणलेला रिचर्ड नाइट डर्बीने परत बोलावला. मुदत संपलेली आणि गोलात कुणी नाही. लीगकडून खास परवानगी काढून ग्लासला आणलं ते तीन सामन्यांपुरतं.

कार्लाइलच्या लोकांना इतकी धास्ती का होती, हे कम्ब्रिया परगण्याचा इतिहास पाहिला की कळतं. या परगण्यात लीगचे तीन क्लब होते. १९७२ मध्ये बॅरोला मतदानाने बाहेर काढलं, १९७७ मध्ये वर्किंग्टनला. बॅरोला परत यायला २०२० उजाडलं. वर्किंग्टन अजून आलेलं नाही. राहिलं ते १९२८ पासून लीगमध्ये असलेलं एकटं कार्लाइल.

याच वर्किंग्टनने इंग्लंडला आणखी एक गोलकीपर दिला आहे आणि त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॉन बरिज, जन्म १९५१. वर्किंग्टनकडून सुरुवात करून तो सुमारे तीस क्लबांकडून खेळला. अ‍ॅस्टन व्हिलापासून डम्बार्टनपर्यंत त्याने काहीच वर्ज्य मानलं नाही. मे १९९५ मध्ये मँचेस्टर सिटीच्या गोलात उभा राहिला तेव्हा त्याचं वय ४३ वर्षं १६२ दिवस होतं आणि प्रीमियर लीगमधला सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्याचं नाव लागलं. घरी टीव्ही बघताना बायकोला तो सांगून ठेवायचा की मधेच, न सांगता, फळं फेकून मारत जा. रिफ्लेक्स शाबूत राहायला हवेत ना! हातमोजे घालून झोपायचा, असंही सांगतात. हे वेड आहे, पण खालच्या लीगमध्ये टिकायचं तर त्यातलं थोडं अंगात लागतंच. कुठला क्लब कधी आणि किती दिवसांसाठी बोलावेल याचा नेम नसतो. बोलावलं की त्याच शनिवारी अनोळखी बचावपटूंच्या मागे उभं राहून त्यांच्यावर ओरडायचं असतं. निम्म्यांची नावंही अजून तोंडी बसलेली नसतात.

८ मे १९९९. कार्लाइलच्या ब्रंटन पार्कवर प्लिमथ अर्गाइलविरुद्ध हंगामाचा शेवटचा सामना. कार्लाइलचे ४६ गुण, वर असलेल्या स्कारबरोचे ४७. एकच क्लब लीगबाहेर जाणार होता. तिकडे स्कारबरोने पीटरबरोशी १-१ बरोबरी केली, म्हणजे त्यांचे ४८ झाले. इकडेही १-१ होतं. पहिला गोल प्लिमथचा, मग डेव्हिड ब्राइटवेलने बरोबरी केलेली. बरोबरीवर कार्लाइल ४७ वर अडकत होतं. स्कारबरोचे लोक आपल्या मैदानात उतरून नाचायलाही लागले होते. कार्लाइलला भरपाईची चार मिनिटं मिळाली आणि तीही संपत आली. तेवढ्यात कॉर्नर मिळाला.

ग्लास आपला गोल मोकळा सोडून पुढे धावला. ग्रॅहम अँथनीने कॉर्नर घेतला, स्कॉट डोबीने हेडर मारला, प्लिमथच्या गोलकीपरने तो थोपवला. बॉल उडून मोकळ्या जागेत पडला. तिथे ग्लास होता. त्याने उजव्या पायाने, एखाद्या मुरलेल्या सेंटर फॉरवर्डसारखा, तो जाळ्यात मारला. उंचावरून येणाऱ्या बॉलला हात न लावण्याचं भान त्या क्षणी एका गोलकीपरने ठेवलं, याचंच मला नवल वाटतं. मैदानात लोक घुसले, खेळ कसाबसा पुन्हा सुरू झाला आणि लगेच संपला. कार्लाइल ४९, स्कारबरो ४८.

स्कारबरोचं दुःख वेगळंच होतं. मतदानाची पद्धत जाऊन थेट बढती सुरू झाली, तेव्हा १९८७ मध्ये तिचा फायदा घेऊन लीगमध्ये आलेला हा पहिला क्लब. बारा वर्षांनी एका उसन्या माणसाच्या लाथेने तो बाहेर गेला तो परत आलाच नाही. २००७ मध्ये क्लब बंद पडला.

आणि ग्लास? कार्लाइलने त्याला पक्का करार दिला नाही. तो स्विंडनला परतला, मग केंब्रिज, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड असं फिरला. या तिन्ही क्लबांत मिळून लीगचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिशीच्या आतच लीगचं फुटबॉल संपलं. पुढे त्याने विक्रीची नोकरी केली, डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली, आत्मचरित्र लिहिलं आणि पुढे बोर्नमथ क्लबमध्येच खेळाडूंच्या अडीअडचणी बघण्याचं काम धरलं. लोक त्याला ओळखतात ते गोल मारणारा म्हणून. ज्या कामासाठी तो आयुष्यभर राबला, त्या गोलकीपिंगसाठी नाही. हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे, असं मला वाटतं. बोर्नमथच्या त्या दोन हंगामांत तो चांगला गोलकीपर होता.

कार्लाइलही कायमचं वाचलं नाही. २००४ मध्ये लीगबाहेर गेलं, वर्षभरात परत आलं आणि २०२५ मध्ये पुन्हा गेलं.

त्या गोलाची चित्रफीत इंटरनेटवर सहज सापडते. बघाल तेव्हा ग्लासकडे सगळेच बघतात, तुम्ही एकदा प्लिमथच्या जेम्स डंगीकडे बघा. तोही खालच्याच लीगमधला, विशीतला पोरगा. डोबीचा हेडर त्याने व्यवस्थित अडवला होता.