गोधडी शिवणारे

७ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने जाहीर केलं, की नव्या वर्षापासून शुक्रवार-शनिवारची सुट्टी बंद. सुट्टी शनिवार-रविवारची, शुक्रवारी अर्धा दिवस काम. शारजाने तर शुक्रवारसकट तीन दिवस सुट्टी देऊन टाकली. तयारीला महिनाही नव्हता, पण दुबईतल्या मराठी घरांना त्याचं फारसं ओझं झालं नसावं. त्यांचा आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा रविवार पुन्हा एक झाला.

माणसाला बातमी वाचून कळतं. संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं. कुठल्या देशात आठवडा कधी सुरू होतो, तारीख कशी लिहितात, याच्या फायली लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत असतात. त्या कोणीतरी दुरुस्त करतं आणि अपडेटबरोबर त्या घरोघरी पोहोचतात. पण एखाद्या कॅलेंडरच्या कर्त्याने ‘शुक्रवार म्हणजे सुट्टी’ हे थेट प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेलं असेल आणि नंतर हात झटकले असतील, तर? त्या प्रोग्रॅममध्ये काहीही मोडलेलं नाही. तो होता तिथेच आहे, देश पुढे गेला.

अशा वाली नसलेल्या सॉफ्टवेअरला सांभाळणारी एक जमात आहे. डेबियन, फेडोरा यांसारखी लिनक्सची वितरणं हजारो प्रोग्रॅम ‘पॅकेज’ करून वाटतात. प्रोग्रॅम लिहिणारा एक, पॅकेज सांभाळणारा दुसरा, आणि बहुतेक वेळा दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. सांभाळणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. मेंटेनर सोडून गेला की पॅकेज अधिकृतपणे ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ ठरतं, आणि ते घेऊ इच्छिणारा ‘अ‍ॅडॉप्ट’ करतोय असं जाहीर करतो. शब्दच तसे आहेत, अनाथ आणि दत्तक. फेडोरात सहा आठवडे कोणी पुढे आलं नाही, तर पॅकेज निवृत्त होतं. डेबियनमध्ये अनाथ पॅकेज गुणवत्ता गटाच्या नावावर चढतं आणि कधी कधी वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतं.

दुसरं पोरकेपण जास्त अवघड. मेंटेनर आहे, पण मूळ लेखकच नाहीसा झालाय. अनझिपचं उदाहरण घ्या. ईमेलने आलेली झिप फाइल उघडणारा हा साधा प्रोग्रॅम इन्फो-झिप नावाच्या गटाने लिहिला. त्याची ६.० ही आवृत्ती एप्रिल २००९मध्ये आली आणि पुढची आजवर आलेली नाही. दरम्यान त्यात सुरक्षेची भोकं सापडत राहिली. २०१४च्या अखेरीस तर एकदम तीन. मूळ लेखकाकडून दुरुस्ती येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मग डेबियन आपलं ठिगळ लावतं, फेडोरा आपलं, आणि चांगलं जमलेलं ठिगळ एकमेकांकडून उचललं जातं.

ठिगळ हा शब्द उगाच वापरलेला नाही. दुरुस्तीच्या फायलीला ‘पॅच’च म्हणतात. डेबियनमध्ये मूळ कोडाला हात लावायचा नाही अशी रीत आहे. ठिगळं वेगळ्या फोल्डरात क्रमाने रचून ठेवायची आणि पॅकेज बांधताना एकावर एक चढवायची. हा ढीग सांभाळणाऱ्या अवजाराचं नाव ‘क्विल्ट’, म्हणजे आपली गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव समजावून सांगायला नको.

ठिगळ लावणं म्हणजे नुसतं चिकटवणंही नव्हे. २०१९मध्ये डेव्हिड फिफिल्ड या संशोधकाने ४२ किलोबाइटची एक झिप फाइल दाखवली. उघडली की साडेपाच गिगाबाइट. अशा फायलीला ‘झिप बॉम्ब’ म्हणतात. युक्ती अशी, की आतल्या फायली एकमेकींवर चढलेल्या. झिपच्या दुनियेतले जुने जाणते मार्क अ‍ॅडलर यांनी अनझिपसाठी ठिगळ लिहिलं: आतल्या फायलींची जागा एकमेकींत शिरली, की बॉम्ब समजून थांबायचं. वितरणांनी ते लावलं. थोड्याच दिवसांत फायरफॉक्सची स्वतःची एक फाइल बॉम्ब ठरू लागली. तिच्यात काहीच वाईट नव्हतं. फक्त अनुक्रमणिका शेवटी असते ती सुरुवातीला होती. मग त्या ठिगळावर आणखी ठिगळ. हे सगळं अशा प्रोग्रॅमसाठी, ज्याच्या कर्त्यांनी दहा वर्षांत आवृत्ती काढली नव्हती.

कधी दैव बरं असतं. बीझिप२ हे दाबून साठवण्याचं दुसरं अवजार २०१०पासून थांबलं होतं. २०१९मध्ये मार्क विलार्ड यांनी ते हाती घेऊन वितरणांकडची साचलेली ठिगळं एकत्र केली आणि नव्या आवृत्त्या काढल्या.

आणि दत्तक घेणाराच खोटा निघाला तर? एक्सझेड हे तिसरं अवजार फिनलंडचे लासे कोलिन बहुतांशी एकट्याने सांभाळत होते. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं मन लावून काम केलं, विश्वास मिळवला आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावरचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद वाटलं आणि २९ मार्चला भांडं फुटलं. तोवर ती आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या चाचणी शाखांत पोहोचली होती. एकट्या माणसावर ओझं टाकून बाकीचे निर्धास्त राहिले, की मदतीला येणाऱ्याची चौकशी कोण करणार?

मराठीचा याच्याशी संबंध थेट पुण्यातून येतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. त्यातल्या लोहित देवनागरीवर लिनक्सवरचं मराठी वर्षानुवर्षं चाललं. फॉन्ट हा एकदा काढला की संपला, असं वाटतं. पण अक्षरं जुळवणारं यंत्र त्याच्याखालून बदलत गेलं: जोडाक्षरांचे नियम सांगण्याची जुनी खूण मागे पडून नवी आली, लिबरऑफिस या ऑफिस-संचाने जुनं जुळवणीयंत्र काढून हार्फबझ बसवलं. दरवेळी कोणीतरी ‘कुऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ टाइप करून अर्धा र जागेवर आहे ना, हे बघायला लागतं.

फॉन्टला निदान माणसं मिळाली. शुद्धलेखनाचं तसं नाही. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सर्व्हरवर अ‍ॅस्पेल या तपासनिसासाठी मराठी शब्दसंग्रह आहे. त्याचा आवृत्ती क्रमांक अजून ०.१०च आहे. नवं अ‍ॅप काढायला आपल्याकडे उत्साहाचा तोटा नाही. पडलेलं जुनं उचलायला मात्र माणूस मिळत नाही. शब्दांची यादी तपासायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, चांगलं मराठी लागतं. ते दुबईत शनिवारी दुपारी बसूनही करता येतं.

तुमच्याकडे डेबियन किंवा उबुंटू असेल, तर टर्मिनलमध्ये अनझिपला आवृत्ती विचारून पाहा. पहिल्याच ओळीत तारीख येते २० एप्रिल २००९. तिच्यापुढे लिहिलेलं असतं: डेबियनकडून, मूळ इन्फो-झिपचं.