तिसरी तबकडी

1 जानेवारी 1978. नव्या वर्षाची पहिलीच रात्र. सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं बोइंग 747 दुबईकडे निघालं. विमानाचं नाव ‘एम्परर अशोका’. एअर इंडियाच्या ताफ्यातलं हे पहिलं जम्बो जेट, खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याच्या झरोक्यांसारखी महिरप रंगवलेली. आत 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी. पश्चिमेकडे तोंड करून उडालेलं विमान किनारा ओलांडून गेलं की शहराचे दिवे मागे राहतात आणि पुढे उरतो नुसता काळोख. जमिनीवरून चाकं सुटल्यापासून साधारण 101 सेकंदांनी ते वांद्र्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. एकही जण वाचला नाही.

पहिला संशय घातपाताचा आला. चार इंजिनांचं एवढं प्रचंड विमान दोन मिनिटांच्या आत आपण होऊन पडेल, हे कुणाला पटेना. पण त्या जागी समुद्र जेमतेम दहा मीटर खोल. त्यामुळे अवशेषांचा बराच भाग वर काढता आला आणि पत्रे बोलू लागले. स्फोट झाला असेल तर धातूच्या कडा विशिष्ट तऱ्हेने मुडपतात, पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात. इथे स्फोटाची खूण नव्हती, आगीचीही नव्हती. मग भिस्त राहिली ती कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्रावर.

त्यातून पुढे आलेली हकिकत अशी. किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे विमान उजवीकडे किंचित वळलं आणि पुन्हा सरळ झालं. कप्तानासमोरची तबकडी मात्र सरळ झालीच नाही. विमान क्षितिजाच्या तुलनेत किती कललं आहे हे दाखवणारं हे उपकरण, अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर, उजवीकडे कललेल्या अवस्थेत अडकून बसलं. आपलं उपकरण बिघडल्याचं कप्तान बोलला. सहवैमानिकाच्या बोलण्यावरून त्याचंही बिघडलंय, असा समज झाला. कप्तानाने न कललेलं विमान ‘सरळ’ करायला डावीकडे झुकवलं. काटा हलेना, म्हणून आणखी झुकवलं. शेवटी कल 108 अंशांवर गेला. 90 अंशांना पंख उभा होतो. इथे विमान त्याही पलीकडे जाऊन पाठीवर पडू लागलं होतं.

विमान आडवं झालेलं माणसाला कळत कसं नाही? खुर्चीत बसल्या बसल्या जाणवायला नको?

नाही जाणवत, आणि त्याचं कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव जरा मागे रेंगाळतो, तिथला मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला वळण्याची वर्दी जाते. पण एकाच वेगाने फिरत राहिलं की वीसेक सेकंदांत द्रवही नलिकेच्या बरोबरीने फिरू लागतो आणि वर्दी बंद होते. फुगडी घालणाऱ्या कुणालाही याचा दुसरा अर्धा भाग ठाऊक असतो: हात सुटले, पाय थांबले, तरी अंगण फिरतच राहतं. नलिका थांबलेली असते, द्रव थांबलेला नसतो. त्याहून घातकी प्रकार म्हणजे अगदी सावकाश कलणं. सेकंदाला एखाद-दोन अंशांनी होणारा बदल या यंत्रणेच्या नजरेत भरतच नाही.

गुरुत्वाकर्षणाचाही आधार नसतो. नीट घेतलेल्या वळणात विमान कितीही कललं तरी सगळा भार प्रवाशाला सरळ पायाखालच्या जमिनीकडेच ओढतो. म्हणूनच विमान वळत असताना ट्रेवरचा चहा सांडत नाही. चहाला जे कळत नाही, ते वैमानिकाच्या शरीरालाही कळत नाही. दिवसा डोळे क्षितिज बघतात आणि कानाची चूक सुधारतात. काळोख्या समुद्रावर क्षितिजच नसतं.

1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याची मोजदाद झाली होती. केवळ उपकरणं बघून उडण्याचं शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचं काहीच दिसणार नाही अशा कृत्रिम स्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. ‘एम्परर अशोका’चा कप्तान तसा नवशिका नव्हता. पण ज्या एका उपकरणावर त्याने भरवसा ठेवला तेच फितूर झालं होतं, आणि न दिसण्यापेक्षा खोटं दिसणं केव्हाही वाईट.

खरी चुटपुट लावणारी गोष्ट यापुढेच आहे. कॉकपिटमध्ये मधोमध एक तिसरी तबकडी होती, नेमकी अशाच प्रसंगासाठी ठेवलेली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला तबकड्यांमधली तफावत दिसली आणि त्याने कप्तानाला समोरच्या उपकरणावर विसंबू नका असं सांगितलंही. पण तोवर शेवटचे काही सेकंदच उरले होते. कप्तानाने दिलेली चुकीची नियंत्रणं आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरण्यात चमूला आलेलं अपयश, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. 

या अपघाताच्या साधारण नऊ महिने आधी, 27 मार्च 1977 रोजी, कॅनरी बेटांतल्या तेनेरिफे विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळून 583 माणसं गेली होती. तिथेही डच विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं आहे ना, अशी शंका काढली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली आणि वेग घेणं चालूच ठेवलं. दोन्हीकडे खरी माहिती कॉकपिटमध्ये हजर होती. तिसऱ्या माणसाकडून पहिल्यापर्यंत ती वेळेत पोचली नाही किंवा पोचूनही पटली नाही, एवढंच. आपल्याकडे ‘वरिष्ठांना मध्येच टोकू नये’ हे संस्कार म्हणून शिकवतात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. 1979 मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून वैमानिकांना उड्डाणाइतकंच ऐकायला आणि बोलायला शिकवणारं प्रशिक्षण आकाराला आलं.

अशा गोष्टी बाहेर येतात त्या चौकशीचा हेतू वेगळा असतो म्हणून. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अपघाताच्या तपासाचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष वाटून देणं हा नाही. दोषाचं काम न्यायालयाचं. ‘एम्परर अशोका’ प्रकरणी विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा आरोप अमेरिकेतल्या न्यायालयाने 1985 मध्ये फेटाळला. तो निराळा रस्ता होता. आपल्या रेल्वेबाबत तर एक गमतीदार वाटणारी व्यवस्था आहे. मोठ्या रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाड्या चालवणाऱ्यानेच गाडी का घसरली ते ठरवू नये, हा त्यामागचा विचार. ही फारकत 1941 पासूनची आहे.

आज बहुतेक मोठ्या विमानांत फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची उरलेली नाही. 1989 मध्ये सेवेत आलेल्या बोइंग 747-400 पासून जम्बोचं कॉकपिटही दोन माणसांचं झालं; तिसऱ्याचं काम संगणक करतात. मधोमध असलेली ती छोटी तबकडी मात्र कायम आहे. आता ती बहुधा पडद्याच्या रूपात असते, आणि विमानाची सगळी जनित्रं बंद पडली तरी वेगळ्या वीजपुरवठ्यावर किमान 30 मिनिटं क्षितिज दाखवत राहील, अशी तिची अट आहे.