पूर ओसरला, गिरणी बंद होती, मग घरपट्टी तेवढीच का आली?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाची जागा निवडताना काय बघायचं ते पाहिलं. त्यानंतर एका ताईंचा फोन आला. नदीकाठच्या एका शहरात त्यांची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप आहे. पुराचं पाणी पाच दिवस आत होतं. मागची भिंत आणि माल ठेवायची खोली पडली. तीन महिने गिरणी बंद राहिली. आणि पुढच्या एप्रिलमध्ये घरपट्टीचं बिल आलं ते जसंच्या तसं, वर आधीच्या थकबाकीवर शास्ती. ताई म्हणाल्या, "सर, पडलेल्या खोलीची पण पट्टी भरायची का? तलाठ्यांनी येऊन पंचनामा केला होता, फोटो काढले होते."

मी विचारलं, "ताई, कर विभागात अर्ज दिला होता का?" त्या म्हणाल्या, "तो वेगळा द्यायचा असतो?"

हो. वेगळाच द्यायचा असतो. सगळी गोम इथेच आहे, म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ.

कर तुमच्या धंद्यावर नाही, जागेच्या मूल्यावर असतो

ही पहिली गोष्ट मनात पक्की करा. नफा झाला तर आयकर. विक्री झाली तर जीएसटी. पण मालमत्ता कर, म्हणजे आपली घरपट्टी, ही जागेच्या मूल्यावर बसते. गिरणी चालली की नाही, गिऱ्हाईक आलं की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. आणि हे मूल्य कुठल्या पद्धतीने काढतात ते तुमची जागा कुठे आहे त्यावर ठरतं. महाराष्ट्रात ढोबळमानाने दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत: करयोग्य मूल्य (भाड्यावर आधारित)

अनेक महानगरपालिकांमध्ये ही पद्धत चालते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे तुमची जागा वाजवी भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल, हे ठरवतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरतं ते करयोग्य मूल्य.

समजा, तुमच्या गाळ्याचं अपेक्षित भाडं महिना १०,००० रुपये धरलं.

- वर्षाचं भाडं: १,२०,००० रुपये
- १० टक्के वजावट: १२,००० रुपये
- करयोग्य मूल्य: १,०८,००० रुपये
- सगळ्या करांचा मिळून दर समजा ३० टक्के, तर कर: ३२,४०० रुपये

हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. दर प्रत्येक शहराचा वेगळा असतो. लक्षात घ्या, गाळा तुमचा स्वतःचा असला, एक रुपया भाडं येत नसलं, तरी हिशोब अपेक्षित भाड्यावरच होतो.

दुसरी पद्धत: भांडवली मूल्य (किमतीवर आधारित)

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून ही पद्धत आहे. इथे रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय अशा गोष्टींचा गुणाकार होतो.

ग्रामपंचायतींमध्येही आता भांडवली मूल्यावरच आकारणी होते. १९६० च्या कर व फी नियमांमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून. सूत्र ऐकायला अवघड आहे, पण हिशोब सोपा आहे:

(क्षेत्रफळ × जमिनीचा दर) + (क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसारा) = जी बेरीज येईल, तिला वापराच्या भारांकाने गुणायचं.

समजा, गावात तुमचं ५० चौरस मीटरचं दुकान आहे. जमिनीचा दर २,००० रुपये, बांधकामाचा दर १५,००० रुपये, घसारा ०.८०.

- जमीन: ५० × २,००० = १,००,००० रुपये
- बांधकाम: ५० × १५,००० × ०.८० = ६,००,००० रुपये
- बेरीज: ७,००,००० रुपये
- व्यापारी वापराचा भारांक १.२५, म्हणून भांडवली मूल्य ८,७५,००० रुपये

आता दर हजारी १ रुपया कर असेल तर ८७५ रुपये. हीच जागा राहण्यासाठी असती तर भारांक १, म्हणजे ७०० रुपये. गावातला कर कमी वाटतो, पण हिशोबाची रीत कळली की चूक कुठे झाली ते तुम्हाला पकडता येतं.

धंदा म्हटला की पाटी बदलते

घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर, शिलाईकाम, पापड-लोणची असं काही सुरू केलं की त्या भागाची नोंद बिगरनिवासी होऊ शकते. दर वाढतो. शिवाय राज्य सरकारचा रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी इमारतींवर लागतो. सवलतीही जाऊ शकतात. उदाहरणार्थ, पुण्यात मालक स्वतः राहतो त्या घराला ४० टक्के सवलत आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून माफी आहे. दोन्ही सवलती राहत्या घराला आहेत, दुकानाला नाहीत.

म्हणून बिल आलं की फक्त खालची रक्कम बघू नका. तीन गोष्टी तपासा: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार. एका खोलीत मशीन आहे आणि अख्खं घर बिगरनिवासी धरलंय, असं असेल तर हरकत घ्या.

आता मुद्द्याचं: पूर आला, भिंत पडली. मग?

पुराने काय बदललं आणि काय नाही, हे आधी वेगळं करा.

*क्षेत्रफळ घटलं का?* खोली पडली, शेड वाहून गेली, तर बांधकाम कमी झालं. वरच्या उदाहरणात ५० पैकी २५ चौरस मीटर पडलं, तर इमारतीचा हिशोब निम्मा व्हायला हवा. पडलेल्या भागाखालची मोकळी जमीन मात्र राहते आणि तिच्यावर आकारणी होऊ शकते. सगळं पडलं तरी कर शून्य होईलच असं धरून चालू नका.

*जागा वापरण्याजोगी राहिली का?* महानगरपालिकेच्या नियमांत रिकाम्या जागेसाठी कर परताव्याची तरतूद आहे. सलग ३० दिवस किंवा जास्त जागा रिकामी असावी लागते. पण अट अशी की जागा रिकामी असल्याचं तुम्ही लेखी कळवलेलं असलं पाहिजे. मशीन, माल आत ठेवून शटर ओढलं, तर ती जागा 'रिकामी' मानली जाईलच असं नाही.

*फक्त धंदा बुडाला का?* भिंती उभ्या, छप्पर शाबूत, पण माल भिजला आणि महिनाभर विक्री नाही. हे नुकसान खरं आहे, पण त्याने जागेचं मूल्य कमी होत नाही. त्यासाठी विमा आणि सरकारी मदत हे मार्ग आहेत, मालमत्ता कर नाही.

दोन गैरसमज, जे महागात पडतात

गैरसमज १: "पंचनामा झाला म्हणजे कर आपोआप कमी होतो."
नाही. पंचनामा महसूल खात्याचा, मदत वाटपासाठी असतो. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, महाड बुडालं, सांगली-कोल्हापूरला पाणी शिरलं, तेव्हा सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. ते पैसे त्या पंचनाम्यावर मिळतात. पण घरपट्टीचं रजिस्टर नगरपालिकेच्या टेबलावर असतं. त्या रजिस्टरला पूर दिसत नाही. तुम्ही दाखवला तरच दिसतो.

गैरसमज २: "सरकारने महसुलात सूट दिली, म्हणजे घरपट्टी माफ."
दुष्काळ किंवा आपत्ती जाहीर झाली की सवलतींच्या यादीत 'जमीन महसुलात सूट' असते. जमीन महसूल म्हणजे तलाठ्याकडे भरतो तो शेतसारा. घरपट्टी ही स्थानिक संस्थेची. घरपट्टी माफीचा वेगळा निर्णय झाला असेल तरच ती माफ. असा निर्णय झालाय का, हे लेखी बघा. चौकातल्या बॅनरवर विसंबू नका.

काय करायचं? क्रमाने लिहून घ्या

१. पाणी ओसरताच फोटो आणि व्हिडिओ काढा. तारीख दिसली पाहिजे. पाण्याची खूण भिंतीवर कुठपर्यंत आहे ती पुसायच्या आधी टेपने मोजून फोटो घ्या.

२. पंचनाम्याची प्रत मागा. ती कर अर्जाला पुरावा म्हणून जोडायची. मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

३. कर विभागात लेखी अर्ज द्या. लांबलचक रडगाणं नको. एवढं पुरे: "माझ्या मालमत्ता क्रमांक अमुक मधील मागील खोली, क्षेत्रफळ अमुक, दि. अमुक रोजी पुरात पडली आहे. तरी प्रत्यक्ष पाहणी करून आकारणी नोंदवहीत दुरुस्ती करावी व त्या तारखेपासून कर कमी करावा, ही विनंती." जागा बंद असेल तर ते वेगळ्या अर्जात, बंद झाल्याच्या तारखेसह.

४. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

५. बंद काळातली वीज बिलं जपा. मीटरवर युनिट शून्य, हा जागा वापरात नसल्याचा चांगला आधार आहे.

६. पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा. मोजमाप तुमच्यासमोर होऊ द्या.

७. नंतर नोंद बदलली का ते बघा. गावात असाल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे आकारणी नोंदवहीचा उतारा घ्या. त्यात जुनंच क्षेत्रफळ असेल तर पुढच्या वर्षी जुनंच बिल येणार.

आणि हो, उरलेली भिंत धोकादायक म्हणून तुम्ही स्वतः पाडली, तर तेही लेखी कळवा. महानगरपालिकेच्या हद्दीत स्वतः केलेल्या पाडकामाची सूचना देईपर्यंत जुन्या बांधकामाचा कर चालूच राहतो.

रागाने कर थांबवू नका

"निकाल लागेपर्यंत एक पैसा भरणार नाही" हे ऐकायला बरं वाटतं, पण महानगरपालिकेच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के! एवढ्या व्याजाने आपण कर्जही घेणार नाही. म्हणून 'हरकत राखून भरत आहे' असं लेखी देऊन भरा. आधी कर विभागाकडे तक्रार, तिथे समाधान नाही झालं तर महानगरपालिकेच्या बाबतीत दिवाणी न्यायालयात अपील. त्याची मुदत फक्त १५ दिवस आहे आणि वादातली रक्कम आधी जमा करावी लागते. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडे जातं. नोटिशीवरची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

पुन्हा बांधताना थांबा, हिशोब करा

हे फार कमी लोक सांगतात. जुनी दगड-मातीची खोली पडली आणि तुम्ही तिथे आरसीसी बांधली, तर बांधकामाचा दर वाढतो आणि घसारा मिळत नाही. म्हणजे पुरानंतर कर कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. मजबूत बांधू नका असं मी म्हणत नाही. नदीकाठी मजबूतच बांधा. पण वाढीव कर खर्चात धरा. आणि परवानगी घ्या. महानगरपालिका हद्दीत विनापरवाना बांधकामावर कराच्या दुपटीइतकी शास्ती लागू शकते. नदीजवळ असाल तर पूररेषेचा नकाशा आधी बघा.

भाड्याच्या गाळ्यात असाल तर करारात दोन ओळी घालून घ्या: घरपट्टी कोण भरणार, आणि आपत्तीत परतावा मिळाला तर तो कुणाचा. नाहीतर अर्ज तुम्ही करायचा आणि फायदा मालकाला, असं होतं.

त्या ताईंचं काय झालं?

त्यांनी उशिरा का होईना अर्ज दिला. पाहणी झाली, पडलेली खोली नोंदीतून निघाली, पुढच्या वर्षीचं बिल कमी आलं. पण बंद असलेल्या तीन महिन्यांचं काही मिळालं नाही, कारण तेव्हा कागद दिला नव्हता. त्या म्हणाल्या, "सर, गिरणी धुवायला चार दिवस दिले, अर्जाला अर्धा तास नाही दिला."

मित्रांनो, तो अर्धा तास तुम्ही द्या. आणि पूर यायची वाट बघू नका. आजच तुमचं घरपट्टीचं बिल काढा, टेपने जागा मोजा, आणि बिलावरचं क्षेत्रफळ खरं आहे का ते ताडून बघा. बिल, पावत्या, विमा पॉलिसी यांचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरच्या दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा. कारण पाणी आलं की पहिल्यांदा भिजतो तो खालच्या ड्रॉवरमधला कागद.

भेटू पुढच्या भागात. विषय आहे दुकानाचा विमा. तोपर्यंत काळजी घ्या, कागद सांभाळा!