उसाच्या मळ्यांतून निघालेली लय

आज जगभर ज्या संगीताला 'लॅटिन' म्हणतात, त्याचा फार मोठा भाग उसाच्या शेतीच्या आधाराने वाढला, ही गोष्ट रेणापूर तालुक्यातील वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. निवाड्याचा रेणा सहकारी साखर कारखाना ज्या पिकावर चालतो, त्याच पिकासाठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लाखो आफ्रिकी माणसे गुलाम करून क्यूबा बेटावर आणली गेली. साखरेचा नफा मालकांच्या तिजोरीत गेला. पण त्या माणसांनी आपल्या देवतांचे ढोल, त्यांची आवर्तने आणि एकाने गावे व बाकीच्यांनी झेलावे ही गाण्याची रीत जिवापाड जपली. स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या गिटारशी आणि पद्यरचनेशी या परंपरेची गाठ पडून जे घडले, त्यातूनच पुढे सोन, रुम्बा, माम्बो, चा-चा-चा आणि अखेरीस साल्सा हे प्रकार जन्माला आले. क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. हवाना आणि मातान्झास या बंदरांतील हमाल व मजूर त्या काळात रुम्बा करीत, आणि ढोल मिळाला नाही तर मासळीची किंवा मेणबत्त्यांची रिकामी लाकडी खोकी पालथी घालून वाजवीत. त्या खोक्यांतूनच क्यूबाचे 'काहोन' हे वाद्य तयार झाले.

या संगीताची किल्ली 'क्लावे' नावाच्या एका छोट्या बोलात आहे. हातभर लांबीच्याही नसलेल्या दोन टणक लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून पाच ठोके दिले जातात. त्यांतले तीन एका मात्रागटात आणि दोन दुसऱ्यात पडतात, किंवा आधी दोन आणि मग तीन. गायक, पियानोवादक, ढोलवाले आणि नर्तक या सर्वांनी आपापले काम या पाच ठोक्यांना धरून करायचे असते. दांड्या प्रत्यक्ष वाजत नसल्या तरी तो बोल प्रत्येकाच्या मनात चालू असावा लागतो. तालवाद्यांत दोन लहान ढोलांची जोडी म्हणजे बोंगो, आणि उभा, उंच, तळहातांनी वाजवायचा ढोल म्हणजे काँगा. यालाच आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले काँगो किंवा तुंबा म्हणतात. रेणुकामातेच्या गोंधळात संबळाची जोडी वाजताना ज्याने ऐकली आहे, त्याला एक ढोल चढा आणि दुसरा खर्जाचा ठेवून त्यांच्यात संवाद घडवण्याची बोंगोची रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की संबळ काठ्यांनी वाजतो आणि बोंगो बोटांनी.

ही लय मराठी कानांपर्यंत पोहोचली ती नृत्यशाळांतून नव्हे, तर चित्रपटांच्या गाण्यांतून, आणि तिला इथवर आणणारी माणसे मुख्यतः गोव्याची होती. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चला जोडून असलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि समूहाने गायला शिकवले जाई. हे शिकवणाऱ्या गुरूला कोंकणीत 'मेस्त' म्हणत. चर्चची प्रार्थना नीट व्हावी एवढाच या शिक्षणाचा हेतू होता. पण पिढ्यान् पिढ्या कडक शिस्तीत तयार झालेल्या या मुलांपैकी अनेकांना गोव्यात पोट भरण्याचे साधन नव्हते, म्हणून ती मुंबईला आली, धोबी तलावाच्या आसपास गावकऱ्यांनी चालवलेल्या 'कूड' नावाच्या वसतिगृहांत राहिली, आणि हॉटेले, जहाजे, मूकपटांची थिएटरे व पुढे रेकॉर्डिंग स्टुडिओ अशा ठिकाणी वाद्ये वाजवू लागली. परदेशातून आलेल्या नव्या नाचाची छापील स्वरलिपी समोर ठेवली की ती त्याच संध्याकाळी वाजवू शकतील असे वादक मुंबईत हवे तितके मिळत, ते या मेस्तांमुळे. त्यांचे ऋण भारतीय चित्रपटसंगीताच्या इतिहासाने अजून पुरेसे मानलेले नाही.

त्या वेळी लॅटिन चाली मुंबईला थेट हवानाहून फारशा येत नसत. त्या बहुधा लंडनमार्गे येत. त्रिनिदादमध्ये जन्मलेले एडमुंडो रॉस यांचा वाद्यवृंद १९४० च्या दशकात लंडनमध्ये कमालीचा लोकप्रिय होता आणि त्यांच्या तबकड्या भारतातही ऐकल्या जात. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी 'समाधी' (१९५०) या चित्रपटातील एका गाजलेल्या गाण्याची चाल रॉस यांनी लोकप्रिय केलेल्या गीतावर बेतली. पुढच्याच वर्षी भगवान आबाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान, यांचा 'अलबेला' आला. त्याला संगीत सी. रामचंद्रांचे होते, आणि त्यांचे साहाय्यक होते गोव्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबईचे रसिक 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखत. आपल्या वाद्यवृंदासह लॅटिन धर्तीच्या झालरींचे शर्ट घालून ते या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. एक मराठी संगीतकार, गिरणी कामगाराच्या घरातून आलेला एक मराठी नट-दिग्दर्शक आणि एक गोमंतकीय वादक अशा तिघांनी मिळून कॅरिबियन समुद्रातील लय खेड्यापाड्यांतल्या तंबू-टॉकीजपर्यंत नेली, ही घटना महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात ठळकपणे नोंदली जायला हवी.

वाद्यांच्या बाबतीत असेच काम कावस लॉर्ड या पारशी तालवादकाने केले. हिंदी चित्रपटसंगीतात बोंगो आणि तत्सम लॅटिन तालवाद्ये रुजवण्याचे श्रेय जाणकार त्यांना देतात. त्यांचे पुत्र केरसी आणि बर्जोर हेही पुढे स्टुडिओतील अव्वल वादक झाले. राहुलदेव बर्मन यांच्या काळात या वाद्यांचे रूप आणखी पालटले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात सांबाची लय मंद आणि हळुवार करून 'बोसा नोवा' हा प्रकार घडला होता. बर्मन यांनी 'पती पत्नी' (१९६६) या चित्रपटात तो वापरला. त्यांच्या चमूत तबल्याची बाजू मारुतीराव कीर सांभाळत, तर अमृतराव काटकर यांची ओळखच 'रेसो-रेसो' या वाद्याने झाली. खाचा पाडलेल्या नळीवर काडी घासून खर्र-खर्र असा आवाज काढणारे हे वाद्य मूळचे ब्राझीलचे आहे. असल्या वादनाला स्टुडिओत 'साईड रिदम' म्हणत. या दुय्यम नावाने वादकांवर अन्याय झाला असे म्हटले पाहिजे, कारण बर्मन यांची कितीतरी गाणी लोकांना पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतात ती याच बाजूच्या तालामुळे. चित्रपटाच्या नामावलीत या वादकांची नावे सहसा येत नसत. त्यांच्या मुलाखती घेऊन तो इतिहास सविस्तर लिहिण्याचे काम न्यूझीलंडमधील अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या 'बिहाइंड द कर्टन' या ग्रंथात केले. याच अभ्यासकाने त्याआधी भारतातील लग्नाच्या बँडपथकांवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, आणि ही दोन कामे एकाच माणसाकडून व्हावीत यात संगती आहे. मुंबईच्या स्टुडिओत जे ध्वनिमुद्रित झाले, ते लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर वरातीच्या बँडने क्लॅरिनेट-ट्रंपेटवर उचलले, पुढे बेंजो पार्ट्यांनी उचलले, आणि अशा रीतीने क्यूबाची लय मराठवाड्याच्या मांडवात दोन-तीन पिढ्यांपूर्वीच येऊन दाखल झाली.

नृत्याचा प्रवास मात्र इतका दूरवर झाला नाही. त्याचे कारण समजून घेण्यासाठी, ज्या ठिकाणी हे नृत्य खऱ्या अर्थाने रुजले तिथल्या जागा आणि तिथले शिक्षक पाहावे लागतात. न्यूयॉर्कमधील 'पॅलेडियम बॉलरूम' या नृत्यगृहात १९४८ पासून माम्बो वाजू लागला. माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद तिथे गाजले. अमेरिकेत वर्णभेद उघडपणे पाळला जात असताना या नृत्यगृहात काळे, गोरे, पोर्तो रिकन आणि ज्यू एकाच फरशीवर नाचत, आणि नवख्यांसाठी तिथेच शिकवणीही होई. हे नृत्यगृह १९६६ मध्ये बंद पडले, पण त्या फरशीवर जे घडले त्यातूनच पुढे साल्साची चळवळ उभी राहिली. लंडनमध्ये पियेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच शिक्षकाने १९४७ मध्ये क्यूबाला जाऊन रुम्बा प्रत्यक्ष पाहिला, आणि डोरिस लाव्हेल यांच्या साथीने त्याचा पद्धतशीर अभ्यासक्रम तयार केला. आज स्पर्धांत दिसणारा रुम्बा त्या अभ्यासक्रमाचा वंशज आहे. या आखणीमुळे नृत्य जगभर शिकवता आले हे खरे, तथापि हवानाच्या गल्लीतला मोकळेपणा त्यात बराच हरवला हेही तितकेच खरे.

कोलंबिया देशातील काली या शहराचे उदाहरण मराठवाड्याला सर्वांत जवळचे आहे. हे शहर ऊसपट्ट्याचे केंद्र आहे. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तिथे डायनामाइटने भरलेल्या लष्करी मालमोटारींचा स्फोट होऊन हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि खचलेल्या शहराला उभारी यावी म्हणून पुढच्या वर्षाच्या अखेरीस ऊस महोत्सव सुरू झाला. आज तो 'फेरिया दे काली' या नावाने दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी सोसला, त्यांना अशा उत्सवामागची गरज कळेल. २००८ पासून या जत्रेची सुरुवात 'साल्सोद्रोमो' नावाच्या भव्य मिरवणुकीने होते, आणि तीत शहरातील साल्सा शाळांचे शेकडो नर्तक उतरतात. या शाळा बहुतांशी कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत आहेत. कालीच्या नर्तकांचे विजेसारखे चपळ पदन्यास जगात प्रसिद्ध आहेत, आणि त्यामागचे कारण असे सांगितले जाते, की तिथले तरुण ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ फेऱ्यांच्या वेगाने लावीत आणि त्या धावत्या गतीवर पाय टाकीत. बाहेरून आलेले संगीत एखाद्या गावाने किती हक्काने आपलेसे करावे, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण आहे. अर्जेंटिनात ब्युनोस आयरेस शहरात टँगो नाचण्याच्या बैठकींना 'मिलोंगा' म्हणतात. तिथे म्हातारे आणि नवशिके एकाच फरशीवर उतरतात आणि शिक्षण पाहता पाहता होते. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोचा, २०१६ मध्ये क्यूबाच्या रुम्ब्याचा आणि २०१९ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील बचाता या प्रकाराचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

भारतात हे नृत्य महानगरांत स्थिरावले आहे. मुंबईत संदीप सोपारकर यांच्यासारख्या शिक्षकांनी लॅटिन आणि बॉलरूम नृत्याचे वर्ग चालवले. २००६ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या 'झलक दिखला जा' या स्पर्धेने साल्सा आणि चा-चा-चा हे शब्द घराघरांत नेले. पुण्यात आज साल्सा-बचाताच्या 'सोशल' संध्याकाळी भरतात, जिथे शिकणारे आणि शिकलेले आळीपाळीने एकमेकांबरोबर नाचतात. तरीही या सगळ्यांत महत्त्वाचे उदाहरण कोलकात्याचे आहे. विभास चौधरी यांच्या नृत्यशाळेतून तयार झालेले सोनाली मजुमदार आणि सुमंत मारोजू हे नर्तक २०१२ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' स्पर्धेत विजयी ठरले, आणि २०२० मध्ये 'बॅड साल्सा' या नावाने अमेरिकेच्या तशाच स्पर्धेत उतरले. सोनाली ही बांगलादेश सीमेजवळच्या खेड्यातील शेतकऱ्याची मुलगी आहे. खेड्यातील मुलांना हे जमणार नाही, त्यासाठी महानगरी संस्कार लागतात, हा समज त्या एका मुलीने कायमचा खोटा ठरवला.

मराठवाड्यात लयीची उणीव कधीच नव्हती. हलगी, संबळ आणि ढोलकी यांवर वाढलेल्या पायांना क्लावे समजायला फार दिवस लागणार नाहीत. उणीव आहे ती दोन गोष्टींची: पायरीपायरीने शिकवणारा शिक्षक, आणि स्त्री-पुरुषांनी संकोच न बाळगता, परस्परांचा मान राखून एकत्र नाचावे अशी समाजमान्य जागा. जोडीने नाचायच्या या प्रकारांत एकाने दिशा द्यायची आणि दुसऱ्याने ती ओळखून प्रतिसाद द्यायचा असतो. हाताच्या हलक्या दाबातून चालणारा हा संवाद चित्रफीत पाहून शिकता येत नाही. लावणीच्या कलावतींना आपल्या समाजाने जी अवहेलना दिली, तिच्यामुळे नाचणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी आजही निर्मळ झालेली नाही, आणि या नृत्याच्या वाटेतला खरा अडसर तोच आहे.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ दरवर्षी युवक महोत्सव भरवते आणि लातूर जिल्ह्यातील महाविद्यालयांची मुले-मुली त्यात लोकनृत्य, लावणी, तालवाद्ये अशा कलांत उतरतात. या महोत्सवाला जोडून मुंबईच्या स्टुडिओतील एखादा ज्येष्ठ तालवादक आणि पुण्यातील एखादा साल्सा शिक्षक यांना आठ दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलवावे, तिथे बोंगोशेजारी संबळ आणि काँगोशेजारी हलगी ठेवून दोन्हींचे शिक्षण एकत्र द्यावे, आणि मुलींच्या पालकांना पहिल्याच दिवशी प्रेक्षक म्हणून सन्मानाने बसवावे. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी आणि प्राचार्यांनी हे काम येत्या महोत्सवापासून हाती घ्यावे.