जुन्या संगणकास नवी कोठी

यवतहून एका वाचकांनीं आम्हांस असें विचारलें आहे कीं, घरांतील जुन्या स्पेक्ट्रम-प्लस संगणकास कॅसेटच्या जागीं आजच्या काळचें कोणतें साठवणीचें साधन घ्यावें. यंत्र पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनें परवान्यानें काढलेलें. तें घरीं आणणारे काका आतां हयात नाहींत. त्यांच्या हातच्या सहा कॅसेटी माळ्यावर पत्र्याच्या पेटींत आहेत, व त्यांपैकीं एकींत गुळाच्या हिशेबाचा त्यांनीं स्वतः रचलेला प्रोग्रॅम आहे. मुलांना खेळ हवे आहेत. काकूंना तो हिशेब पुन्हां पडद्यावर पाहावयाचा आहे. पत्रांत ह्या दोन इच्छा एकाच प्रश्नांत गुंफल्या आहेत. आमच्या मतें त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

ह्या जातीचा पहिला संगणक विलायतेंत सिंक्लेअर कंपनीनें १९८२ सालीं विक्रीस आणला; 'प्लस' ही त्याची सुधारलेली आवृत्ति १९८४ सालची. कार्यस्मृति अवघी ४८ किलोबाइट, आणि तीही वीज जातांच कोरी पाटी! म्हणून प्रोग्रॅम ध्वनीच्या रूपानें साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावा लागे, व पुन्हां हवा असतां टेपरेकॉर्डर लावून यंत्रास ऐकवावा लागे. मोठा प्रोग्रॅम भरावयास सुमारें पांच मिनिटें लागत. तेवढा वेळ पडद्याच्या कडांना रंगीत पट्टे धांवत, आणि रेकॉर्डरचा आवाज कोणी मोठा ठेवला असल्यास घरांतील वडील मंडळी ओसरीवर निघून जात.

आज साठवणीचा पहिला मार्ग जवळजवळ फुकटचा आहे. कॅसेटवरील ध्वनि मोबाइलमध्यें उतरवावा, आणि मोबाइलची तार संगणकाच्या 'इअर' खांचेंत घालून तो वाजवावा. आवाज बराच मोठा ठेवावा लागतो, आणि मध्येंच कोणाचा फोन आला तर भरत आलेला प्रोग्रॅम वायां जातो. दुसरें साधन म्हणजे टीझेडएक्सड्यूइनो नांवाची लहानशी डबी. ती मेमरी कार्डावरील कॅसेटींच्या प्रती त्याच खांचेंतून यंत्रास ऐकविते. यंत्रास ती रेकॉर्डरच वाटते. त्यामुळें वेळही रेकॉर्डरइतकाच लागतो, आणि यंत्रावर केलेलें नवें काम तिच्यांत परत साठवितां येत नाहीं. तिसरें साधन डिव्हएमएमसी. हें यंत्राच्या मागील उघड्या जोडपट्टीवर बसतें, कार्डावरील प्रोग्रॅम पाहतां पाहतां स्मृतींत उतरवितें, आणि नवें काम कार्डावर ठेवितेंही. मुलांसाठीं विचाराल तर हेंच घ्यावें असें आम्ही म्हणूं. मात्र यंत्र चालू असतां तें कधींही बसवूं वा काढूं नये. ह्या संगणकास विजेचें बटणच नाहीं. म्हणून आधीं विजेची तार ओढून काढावी, मग हात लावावा. एरव्हीं आंतील एखादी चिप क्षणांत जळून जाण्याचा संभव असतो. मूळचा अडॅप्टर निकामी झाला असल्यास नवा ९ व्होल्टचा घेतांना पिनेचा मधला भाग ऋण आहे हें पाहावें. आजचे बहुतेक अडॅप्टर ह्याच्या उलट असतात.

परंतु काकूंच्या इच्छेचें उत्तर ह्यांपैकीं कोणत्याच साधनांत नाहीं. साधन पुढच्या वर्षीं घेतलें तरी चालेल. कॅसेटी मात्र इतकीं वर्षें माळ्यावरच्या उन्हाळ्यांत व पावसाळी ओलींत पडून आहेत. प्रथम त्या उतरवून घ्याव्या. बुरशी दिसल्यास कॅसेट लावूंच नये, जाणत्याकडे द्यावी. फितीस दाबून धरणारा आंतील लोकरी तुकडा सुटला नाहीं ना, तें पाहावें. रेकॉर्डरचें शीर्ष शुद्ध अल्कोहोलानें पुसावें, आणि त्याच्या शेजारचा बारीक स्क्रू, आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकूं येईतों, किंचित् फिरवावा. कारण एका रेकॉर्डरच्या शीर्षाचा कल दुसऱ्याशीं जुळतोच असें नाहीं.

उतरविलेला ध्वनि आहे तसा, 'वेव्ह' स्वरूपांत ठेवावा. पुष्कळ लोक त्याची लगेच 'टॅप' नांवाची आटोपशीर प्रत करितात व मूळ ध्वनि टाकून देतात. वरील साधनांना ती सोयीची खरी. पण तींत यंत्राला समजणारे आंकडे तेवढे उरतात. त्या काळीं प्रोग्रॅम भरण्यापूर्वीं कित्येकजण कॅसेटवर त्याचें नांव व तारीख बोलून ठेवीत, म्हणजे पुढें शोधावयास सोपें जाई. यवतच्या कॅसेटीवर काकांचा आवाज असला, तर 'टॅप'मध्यें तो येणार नाहीं. ६० मिनिटांची कॅसेट ध्वनिरूपानें सुमारें ३०० मेगाबाइट जागा घेते. ३२ गिगाबाइटच्या एका कार्डावर तशा शंभरेक मावतात. तेव्हां येथें काटकसरीचें कारणच नाहीं.

सहाही कॅसेटींच्या ध्वनीच्या दोन प्रती कराव्या. एक घरीं ठेवावी, दुसरी परगांवच्या कोणा आप्ताकडे. मग हिशेबाची 'टॅप' प्रत काढून डिव्हएमएमसीवर चढवावी. तत्पूर्वीं, संगणकाची तार न जोडतां, काकूंना जवळ बसवून कॅसेटचीं पहिलीं मिनिटें सर्वांनीं मिळून ऐकावीं.